कुंडीतलं गर्भाशय

किलमोरन, मेयो, आयर्लंड
४ फेब्रुवारी

डर्व्हला,

फाडायचंच असेल तर पूर्ण वाचून मग फाड. अर्धवट सोडायची तुझी सवय एवढ्याने मोडणार नाही, पण सुरुवात कुठूनतरी व्हायला हवी.

पत्ता कन्सेप्टामावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी चहा पुन्हा पुन्हा मागत राहिले, तेव्हा मला घालवण्यासाठी तिने दिला. म्हणाली, पर्थला तुझा बरा जम बसलाय. सर्दी, खोकला, लहान मुलांचे कान. मी म्हटलं, छान. कानात निदान कापायला काही नसतं.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात 'शिस्तप्रिय' हा शब्द इतक्यांदा आला, की मी मेलेय असं समजूनच बोलताहेत असं वाटलं. मग पंधरवड्यात कॉस्टिगन दारात उभा. तो आता विभागप्रमुख आहे. हो, तोच, ज्याचे हात बघून तुझे बाबा म्हणायचे, हा बूट पॉलिश करायला ठीक आहे. पावसात अर्धा भिजलेला, डोक्यावर वर्तमानपत्र.

"उना, एक काम होतं. आमच्या पोरांना खालून पिशवी काढता येत नाही."

"तुला तरी कुठे येते?"

तो हसला. त्याला हसावंच लागतं. पण म्हणाला ते खरं आहे. आता सगळे पोटाला भोकं पाडतात आणि पडद्याकडे बघत काम करतात. एखाद्या म्हातारीचं अंग बाहेर आलंय, ते पोट न उघडता खालच्या वाटेने काढायचं, हे कोणाला जमत नाही. शिकायला बायका मिळत नाहीत, आणि सरावासाठी ज्या तयार प्लास्टिकच्या बायका विकत मिळतात त्या आपल्या हॉस्पिटलला परवडत नाहीत. "तुम्ही काहीतरी घरगुती बनवा ना," म्हणाला. जसं काही जत्रेतल्या स्टॉलसाठी केक मागतोय.

मी बनवलं. प्लास्टिकची कुंडी आडवी ठेवायची, ती झाली कंबर. आत मोज्यात कापूस ठासून गर्भाशय, ते इलॅस्टिकने दोन्हीकडून टांगायचं. वर पाण्याने भरलेला फुगा, ते मूत्राशय. बुटाच्या नाड्या म्हणजे किडनीकडून येणाऱ्या नळ्या. योनीच्या भिंतीसाठी कापड मिळेना. सुती ताणलं जात नाही, लोकरीचं उसवतं. शेवटी तुझ्या कपाटात तुझा निळा पोहण्याचा पोशाख सापडला, जिल्ह्याच्या स्पर्धेतला. कात्री लावली आणि बघते तर काय, हुबेहूब! टाका घेताना तस्साच मागे खेचतो.

तुझा चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचा झगाही आहे. सॅटिन पातळ आहे, पोटाच्या आतलं अस्तर छान होईल. तुला हवा असेल तर कळव. नाहीतर पुढच्या गुरुवारी कापते.

फाटलेली जागा शिवायचा सराव बैलाच्या जिभेवर करतात, ते तुला सांगायला नको. तू बारा वर्षांची असताना रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून शिवायचीस, बाबा रेडिओ मोठा करायचे आणि मी मागून ताटं आपटायचे. खाटीक तोच आहे, जार्लथ. परवा म्हणाला, "डॉक्टर, एवढ्या जिभा! घरात बोलायला कोणी नाही म्हणून नेता की काय?"

मी म्हटलं, "तुझीही दे. तशी वायाच जातेय."

तुझी आई

किलमोरन
१९ मार्च

डर्व्हला,

झग्याबद्दल तू काही कळवलं नाहीस, म्हणून कापला.

आता माझी मुलं. तीन शिकाऊ डॉक्टर आहेत, दर गुरुवारी येतात. एक कॉर्कचा, ज्याचं लक्ष सुईपेक्षा स्वतःच्या केसांकडे जास्त. एक डब्लिनची, जिला सगळं आधीच माहीत असतं. आणि तिसरी ब्रोना मॅकगिन, लीट्रमच्या गोठ्यातून आलेली. हात एवढे मोठे की तिच्या मापाचे हातमोजे खास मागवावे लागतात. गालांवर सतत लाली. या तिघांत शिकण्यासारखी तीच आहे, त्यामुळे मी तिला सोडत नाही.

फुग्यात मी काळ्या मनुकांचं सरबत भरते. कात्री चुकली की फुगा फुटतो आणि सगळं मांडीवर. पहिल्या गुरुवारी ब्रोनाने फोडला. मी मागून म्हटलं, "मेली. पुढची."

ती वळून म्हणाली, "पण डॉक्टर टॅन्सी, मूत्राशय कापलं म्हणून बाई मरत नाही."

"मरत नाही. आयुष्यभर लघवी गळत राहते. चर्चमध्ये शेजारची बाई नाक मुरडून उठून जाते, नवरा दुसऱ्या खोलीत झोपायला जातो. मेल्याहून मेल्यासारखी होते. पुढची कुंडी घे."

तिच्यात एक दोष आहे. दचकते. हात अगदी देवाने दिलेला, टाके एकसारखे, पण मागून कोणी बोललं की खांदा उडतो, आणि खांदा उडाला की कात्री उडते. ऑपरेशन थिएटरमध्ये कोणी ट्रे पाडतं, कोणी ओरडतं. हात हलता कामा नये. म्हणून मी तिच्या मागे उभी राहते. कधी ताट आपटते, कधी नुसती कानाशी जाऊन म्हणते, "मेली." जितकी दचकेल तितक्या कुंड्या. परवा शेवटी रडली.

"आमच्याकडे गाईवरही कोणी एवढं ओरडत नाही," म्हणाली.

"म्हणून तुमच्या गाई ऑपरेशन करत नाहीत. नाक पूस. शिवलेल्यावर टपकतंय."

कॉर्कचा हसला. मी त्याला बाहेर काढलं. माझ्या वर्गात हसायचा हक्क कोणाला नाही.

काम संपल्यावर ब्रोना कुंडी साफ करत होती. तुझ्या पोशाखाच्या आतल्या शिवणीवर शाळेची नावपट्टी तशीच राहिली होती. तिने वाचली. "डी. टॅन्सी कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

तुलाही असंच शिकवलं. तुला आठवत असेल तर तू थिएटरमधला तो एकच दिवस आठवतेस. मी तुझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "हिला कोणीतरी बाहेर न्या." टेबलावर एक बाई होती, डर्व्हला. तुझा हात थांबला होता. थांबलेल्या हाताला कात्री कशाला? मी आजही तेच करेन. त्यावरून देश सोडून जायचं, नऊ वर्षं आईशी बोलायचं नाही, बाबांच्या अंत्यविधीला येऊन चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचं आणि सँडविच वाटायच्या आत निघून जायचं, हे मात्र मी कधी केलं नसतं.

आई

किलमोरन
२ मे

डर्व्हला,

ही गोष्ट मी कन्सेप्टालाही सांगितलेली नाही. बाबा गेले त्याच्या आधीपासून माझं अंग बाहेर येतंय. हस. मेयोतल्या अर्ध्या बायकांची मी शिवली आणि माझंच उसवलं. आत बसवायचं रबरी कडं मी स्वतःच बसवत होते, जमिनीवर आरसा ठेवून. आता कड्याने जखम झालीय, रक्त येतं. उभं राहून कणीक मळली की संध्याकाळी चालवत नाही. पिशवी काढायला हवी.

कॉस्टिगन म्हणाला, "मी करतो ना, उना."

"तुझे हात मी पाहिलेत."

"मग डब्लिनला जा."

"ब्रोना करेल. तू शेजारी उभा राहा आणि कशाला हात लावू नकोस."

ब्रोनाला बोलावलं तर तिचा चेहरा पिठासारखा झाला. "नाही, डॉक्टर. तुमचं नाही. कोणाचंही सांगा, तुमचं नाही."

"कुंडीत किती वेळा केलंस?"

"कुंडी बोलत नाही."

या मुलीला हळूहळू तोंड फुटतंय. मी तिला सांगितलं, तू नाही म्हणालीस तर मी गुरुवार बंद करते, आणि कॉस्टिगनला सांगते की हिच्यावर मेहनत वाया गेली. दोन दिवस तिने विचार केला. मग आली आणि म्हणाली, "एका अटीवर. पूर्ण भूल. तुम्ही झोपलेल्या असाल."

"झोपेन," मी म्हटलं.

तिला माझ्या मापाची कुंडी करून दिलीय. जखम कुठे, मूत्राशय किती खाली ओढलं गेलंय, सगळं तसंच. आत तुझ्या आयरिश नाचाच्या पोशाखाचं अस्तर वापरलं. बाहेरचं भरतकाम ठेवलंय, कशाला तरी लागेल. कुंडी ती घरी घेऊन गेली. गोठ्यातल्या टेबलावर ठेवून रोज माझं गर्भाशय काढते म्हणे. तिच्या वडिलांनी विचारलं, "ही कोण बाई?" ही म्हणाली, "बाबा, ही ओरडत नाही तेव्हा बरी आहे."

हे तिने स्वतः मला सांगितलं. म्हणजे भीती कमी होतेय. माझी पद्धत चुकीची नाही.

आई

हॉस्पिटल, खोली कोपऱ्यातली
११ जून

डर्व्हला,

झोपून लिहितेय, अक्षर वाकडं येईल.

पूर्ण भूल दिली नाही. माझी छाती तुला माहीत आहे, इतकी वर्षं सिगारेट. मी भूलतज्ज्ञ हातिमला म्हटलं, कमरेत सुई द्या, फुप्फुसांना बरं. तो सुदानचा, मोठा सालस माणूस. म्हणाला, "ब्रोनाला विचारायला हवं."

"टेबलावर कोण झोपणार आहे, ब्रोना की मी?"

ब्रोना हात धुऊन आत आली आणि माझे डोळे उघडे बघून दारातच थांबली. मी म्हटलं, "छातीमुळे. चल, कामाला लाग." ती स्टुलावर येऊन बसली. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते.

मग पडदा. कमरेखाली मी नव्हतेच. पण आवाज होते, आणि आवाजावरून मला सगळं दिसतं. पहिली चिरही ऐकू आली. नंतर बोटाने मूत्राशय वर सारलं, ते बरोबर केलं. चिमटे लावले, एका बाजूची रक्तवाहिनी बांधली. हातिम माझ्या डोक्याशी बसून विचारत होता, दुखतंय का, गार वाटतंय का. मी म्हटलं, गप्प बस, ऐकू दे.

दुसऱ्या बाजूला कात्री थांबली. थांबायला नको तिथे थांबली. मला खोकला आला. एवढंच. खोकल्याने पोटाला हिसका बसतो, हे कोणालाही माहीत आहे. तिने मूत्राशय कापलं.

कोणी ओरडलं नाही. ब्रोना शांतपणे म्हणाली, "मूत्राशय उघडलंय. मिस्टर कॉस्टिगन." आणि कॉस्टिगन पुढे आला. त्याने शिवलं. मी पडद्याआड सांगत होते, ब्रोनालाच शिवू दे, तुझ्या हाताने नको, पण तोवर कोणी माझं ऐकत नव्हतं. हातिमने नळीतून काहीतरी दिलं आणि मी खरोखरच झोपले.

पिशवी निघाली. टाके मात्र टिकले नाहीत. दहाव्या दिवशी लघवीची नळी काढली आणि गादी ओली. गळतंय, डर्व्हला. उठले की गळतं, बसले की गळतं. नर्स येते, चादर बदलते, आणि जाताना खिडकी उघडते. हळूच, मला कळू नये अशी.

चौकशी होणार आहे. मला विचारलं तर मी सांगेन, ब्रोनाच्या हातून झालं.

आई

किलमोरन
३० जुलै

डर्व्हला,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे.

चौकशी झाली. लांब टेबल, पाण्याचे जग, बाहेरून आलेली एक बाई प्रश्न विचारायला. मी खोकल्याचं सांगितलं. दोघी नर्स म्हणाल्या, आम्ही काही ऐकलं नाही. त्यांना मीच तयार केलंय, इतकी वर्षं. कॉस्टिगन म्हणाला, माझं लक्ष कामाकडे होतं. ब्रोनाला विचारलं तर ती म्हणाली, "माझा हात सुटला." बस, तेवढंच.

मग हातिम उठला. म्हणाला, "डॉक्टर टॅन्सी खोकल्या नाहीत. त्या बोलल्या. मी त्यांच्या डोक्याशी होतो."

"काय बोलल्या?"

त्याने सांगितलं. त्या बाईने ते लिहून घेतलं. ठीक आहे, एक शब्द बोलले. तो काय होता त्याला महत्त्व नाही. सर्जनचा हात शब्दाने हलत असेल तर दोष शब्दाचा नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्या बाईने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही आता जाऊ शकता." मी उठले तेव्हा खुर्ची ओली होती. सगळ्यांनी ती बघितली आणि सगळ्यांनी मान दुसरीकडे वळवली. कॉस्टिगनने तर खिडकीबाहेर एखादी परेड चालली असल्यासारखं बघितलं.

ब्रोना सुटली. माझे गुरुवार काढून घेतले.

परवा दुपारी ती घरी आली, माझ्या मापाची कुंडी परत द्यायला. स्वयंपाकघरात उभी राहिली, बसली नाही. मी खुर्चीवर प्लास्टिक अंथरून बसते आता. चहा विचारला, नको म्हणाली. मी सरळच म्हटलं, "जखम भरत आलीय. आणखी महिन्याभराने भोक शिवता येईल. तू शिव."

"नाही."

"तुला नाव परत मिळवायचं नाही का?"

"माझं नाव आहे तिथेच आहे. तुम्हाला माहीत होतं मी तुमच्या आवाजाला दचकते."

"तेच तर घालवायचं होतं."

"त्यासाठी स्वतःचं मूत्राशय पणाला लावलंत?"

"मला खात्री होती तू या वेळी दचकणार नाहीस."

तिने कुंडी टेबलावर ठेवली. तिचे ते मोठे हात जरासुद्धा हलत नव्हते. म्हणाली, "नाही, डॉक्टर. तुम्हाला खात्री करून घ्यायची होती की मी दचकेन. तुमच्यापेक्षा चांगलं कोणी निघालेलं तुम्हाला चालत नाही. मी एकटीच नाही तशी." आणि गेली. दार लावायलाही मागे वळली नाही. मलाच उठावं लागलं, आणि उठलं की काय होतं ते वर लिहिलंय.

उद्धट मुलगी. पण मी वेगळ्याच कारणाने लिहितेय.

तुझ्या हातांसारखे हात मी दुसऱ्या कोणाचे पाहिले नाहीत. बाराव्या वर्षी तू जीभ अशी शिवलीस की जार्लथला मी ती दाखवायला नेली होती. हे तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण कौतुकाने हात फुगतात. नऊ वर्षं तू लोकांचे कान बघत बसलीस, तर हाताला गंज चढला असेल. म्हणून माझ्या मापाची कुंडी पार्सलने पाठवतेय. मूत्राशयाच्या मागच्या बाजूला, खाली, भोक पाडून ठेवलंय, अगदी जिथे आहे तिथे. महिनाभर सराव कर आणि ये. कॉस्टिगनला मी बघते, थिएटर मिळेल.

मी तुला विनवत नाहीये. तुला पुन्हा उभं राहायची संधी देतेय.

आई

पर्थ
१७ ऑगस्ट

आई,

कुंडी मिळाली. माझ्या हाताखालच्या मुली त्यावर सराव करतात. चांगली बनवली आहेस.

मी कान बघत नाही. ते कन्सेप्टामावशीला मीच सांगायला लावलं, कारण खरं कळलं असतं तर तू विमान पकडून माझ्या मागे येऊन उभी राहिली असतीस. इथे आल्यावर वर्षभर मी कात्रीला हात लावला नाही. मग एका बाईंनी मला हळूहळू पुन्हा शिकवलं. आता गेली सात वर्षं मी हेच करते. मूत्राशयाची भोकं शिवते. बाळंतपणात पडलेली, ऑपरेशनात पडलेली. दूरदूरहून बायका येतात. तुझ्यासारखं, त्याच जागेचं, मागच्याच आठवड्यात शिवलं. माझे टाके टिकतात.

तुझं मी शिवणार नाही.

रागाने म्हणत नाही. तुझी सगळी पत्रं मी वाचली. पोशाख काप, झगा काप, मला त्याचं काही नाही. मी नीट विचार केला. तू टेबलावर आहेस आणि मी समोर स्टुलावर बसलेय. माझा हात थरथरणार नाही. तू बोलशील याचीही मला भीती नाही. शब्द कोणता होता ते मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी तो रोज ऐकत मोठी झाले.

भीती दुसरीच आहे. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडच्या एका मुलीने सरावात फुगा फोडला. मी मागे उभी होते. माझ्या तोंडून आलं, "मेली. पुढची." तुझ्या आवाजात, आई, अगदी तुझ्या. ती मुलगी रडली नाही. तिचा फक्त खांदा उडाला. तेव्हापासून मी कोणाच्या मागे उभी राहत नाही, समोर बसते. तुझ्याजवळ आले तर तो आवाज पुन्हा येईल. तुझं एक मूत्राशय दुरुस्त करायला मी माझ्या पाच मुली बिघडवणार नाही.

ब्रोनाने मला मार्चमध्येच पत्र लिहिलं होतं. नावपट्टीवरून शोधलं. विचारलं होतं, "तुम्ही यातून कशा सुटलात?" मी तिला लिहिलं, पळून जा. ती तेव्हा पळाली नाही, तिला वाटलं तू बदलशील. पुढच्या सोमवारपासून ती इथे माझ्याकडे कामाला आहे.

डब्लिनला जा. तिथे चांगली माणसं आहेत, आणि तुला कोणी ओळखत नाही.

तिला लिहू नकोस. मलाही.

डर्व्हला

किलमोरन
२० नोव्हेंबर

डर्व्हला,

लिहू नकोस म्हणालीस. हे शेवटचं, काय झालं ते तुला कळावं म्हणून.

डब्लिनला गेले. बसने, अंगाखाली प्लास्टिक घेऊन. शेजारची जागा मुलिंगारपर्यंत रिकामीच राहिली, बस भरलेली असून. ऑपरेशन करणारा तरुण होता, तुझ्याहून लहान. त्याने विचारलं, "काय काम करायचात, आजी?" मी म्हटलं, "शिवणकाम." तो म्हणाला, "वा, मग आम्हाला सांभाळून घ्या." त्याने फाईल वाचलेली नव्हती. त्या हॉस्पिटलात कोणीच मला ओळखत नव्हतं. तुझं बरोबर होतं.

पुन्हा कमरेत सुई. छातीचं कारण या वेळी खरं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं. पडदा लावला. तो गाणं गुणगुणत काम करत होता, मध्येच रग्बीबद्दल बोलत होता. मग कोणाला तरी म्हणाला, "इथून पुढचा थर तू घे." पडद्यापलीकडे एक मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. तिचा श्वास ऐकू येत होता. सुई कुठे शिरतेय, कुठे अडतेय, मला सगळं कळत होतं. एका टाक्याला ती थांबली. कुठे थांबली तेही मला कळलं. तिथून पुढे तिरकं जाणार, हेही.

माझ्या तोंडात आलं होतं. मी चादरीचं टोक दातांत धरलं. भूल देणारी बाई म्हणाली, "दुखतंय का?" मी मान हलवली, नाही. तेवढ्यात तो तरुण म्हणाला, "घाई नाही. वेळ घे तुझा." थिएटरमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, आणि चाळीस वर्षं मी थिएटरमध्ये होते. मुलीने सुई मागे घेतली, पुन्हा घातली. तरीही जरा तिरकाच गेला.

टाके टिकले. तीन आठवडे झाले, कोरडी आहे. जार्लथच्या दुकानातून काल चालत आले.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी वॉर्डात आली. किती लहान असतात आता या. गळ्यात ओळखपत्र उलटं लटकत होतं, नाव दिसत नव्हतं. पलंगाच्या कठड्याला धरून म्हणाली, "काल काही टाके मी घातले. माझे पहिलेच. तुम्ही जाग्या होतात असं मला नंतर कळलं. मी फार वेळ लावला, नाही?"

तो टाका कुठे तिरका गेला ते मी तिला बोटावर दाखवू शकले असते. ती तिथेच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत.

"मला काही कळलं नाही, बाळ," मी म्हटलं. "मी झोपले होते."

आई